वाल्डाची सवत

बिंडारात नव्याने आलेला कुणी सकाळी कामानिमित्त नेव्हिल ट्रेविनच्या घरी गेला, की दारात त्याची बायको वाल्डा उभी राहायची आणि सांगायची, "नेव ना? तो तिच्याकडे गेलाय." पाहुणा बिचारा कावराबावरा व्हायचा. बाईच्या कपाळावर आठी, हातात पिळलेलं फडकं, आणि नवरा म्हणे तिच्याकडे! मग शेजारून कुणीतरी, बहुधा मीच, कुंपणावरून ओरडून सांगायची की बाबा रे, घाबरू नकोस, ती म्हणजे ओव्हलवरची, गावच्या क्रिकेट मैदानावरची, खेळपट्टी.

ट्रेविनांचं आणि आमचं कुंपण एकच. माझा नवरा कालव्याच्या खात्यात लागला आणि आम्ही देश सोडून ह्या नदीकाठच्या गावात आलो, तेव्हापासून त्या कुंपणावरून तिची लिंबं माझ्याकडे येतायत आणि त्यांचंच लोणचं तिच्याकडे जातंय. वाल्डा उंच, रुंद खांद्यांची, आवाजाने दणकट. शिवणकाम, केक आणि भांडण ही तिन्ही कामं ती सारख्याच जोमाने करायची. शनिवारच्या सामन्याला चहाबरोबर तिचा पॅशनफ्रूटचा केक नसला, तर पाहुणा संघ तोंड पाडून घरी जायचा.

नेव तिच्या अगदी उलट. बारकासा, उन्हाने ठिपके पडलेला, माणसांशी बोलताना शब्द मोजून देणारा. नगरपालिकेच्या पगारावर ओव्हल राखायचा. पण पगार नसता तरी त्याने राखलंच असतं. माणसांशी न बोललेलं सगळं तो तिच्याशी, त्या खेळपट्टीशी, बोलायचा.

इथल्या पुरुषांची एक खोड आहे. गाडी, बोट, वादळ, खोकणारं पाण्याचं इंजिन, सगळ्यांना ते बाईच्या जातीत घालतात. त्यामुळे नेव "ती" म्हणाला म्हणून कुणाला वावगं वाटायचं नाही. वाल्डाला मात्र वाटायचं. कारण जेवणाच्या टेबलावर चाललेलं असायचं ते असं:

"आज जरा रुसलीये."

"कोण?"

"ती. उत्तरेचा गरम वारा लागलाय ना. दुपारी जाऊन भिजवून येतो."

"माझं डोकं दुखतंय सकाळपासून, नेव."

"हं. वाराच तसा आहे."

एकदा तिची मैद्याची चाळणी दोन दिवस सापडेना. नेवने तिच्यातून काळी माती चाळली होती. एका वर्षी गारा पडल्या तेव्हा वाल्डाच्या आईने दिलेली लोकरीची रग पलंगावरून ओढून तो खेळपट्टी झाकायला धावत गेला. मैदान झाकायची गोणपाटं तर वाल्डानेच शिवणयंत्रावर जोडून दिलेली. यंत्राच्या सुया मोडल्या, तिने शिव्या घातल्या, पण शिवून दिली. "नवऱ्याच्या रखेलीची परकर-पोलकी शिवणारी बाई पाहिलीयेस का कधी? बघून घे मला," असं ती म्हणायची. हसत म्हणायची. पण हसताना दातावर दात असायचे.

एके दिवशी आम्ही दोघी तिच्या मागच्या पायरीवर मटार सोलत बसलो होतो. ती एकाएकी म्हणाली, "काल सकाळी त्याचा डबा द्यायला गेले. तर हा पालथा पडलेला. मला वाटलं, गेला! हार्ट अटॅक! धावत गेले. तर हा पोटावर पडून तिच्या गालाला गाल लावून बघत होता. म्हणे, उंचसखलपणा असाच कळतो."

"कळत असेल गं."

"कळू दे की. पण माझ्या गालाला गाल लावून किती वर्षं झाली? माझ्या गालावर काय कमी उंचसखल आहे?"

मी हसले, आणि हसता हसता बोलून गेले, "आमच्याकडे अशा बाईला एक शब्द आहे. सवत."

"सॅव्हट?"

"सवत. नवऱ्याची दुसरी बायको."

वाल्डाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे पहिली मेल्यावर केलेली?"

"नाही. पहिली जिवंत असताना. पूर्वी असायच्या. कधीकधी एकाच घरात."

"एकाच घरात! आणि स्वयंपाक कोण करायचं?"

"तुझ्याकडे कोण करतं?"

मग तिने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला, नवीन दात बसवल्यावर माणूस जीभ फिरवतो तसा. "सॅव्हट. सॅव्हट. बये, तुमच्या लोकांनी सगळ्याचा विचार करून ठेवलाय."

त्या शनिवारी चहाच्या खोलीत तिने तो शब्द ड्युल्सीला सांगितला. ड्युल्सी म्हणजे टपालकचेरीतली बाई; तिला सांगणं आणि गावाला सांगणं ह्यात फक्त तासाभराचं अंतर. पुढच्या आठवड्यात चहाच्या खोलीतून बायका सरळ मैदानात ओरडायला लागल्या, "काय रे नेव, सॅव्हटला पाणी पाजलंस का?" आणि मग एकमेकींना कोपरं मारून फिदीफिदी.

नेवने घरी येऊन विचारलं, "वाल, हे सॅव्हट काय प्रकरण आहे?"

आता काय सांगणार? वाल्डा म्हणाली, "शेजारणीचा शब्द आहे. त्यांच्याकडे चांगल्या खेळपट्टीला म्हणतात."

नेवचा चेहरा उजळला. चेंडू वळायच्या खेळपट्ट्यांबद्दल शेजारणीच्या देशातल्या लोकांना जी अक्कल आहे ती जगात कुणाला नाही, असं त्याचं पक्कं मत. "सॅव्हट," तो म्हणाला, "शोभतं तिला." आणि त्याने ते नाव उचललं. रोलरच्या शेडच्या दारावर खडूने लिहिलं. "सॅव्हट आज खूश आहे." "सॅव्हटने आज तीनशे धावा दिल्या, तरी थकली नाही." क्लबातले पुरुषही तसंच म्हणायला लागले. वाल्डाने जळफळून शिवी म्हणून घेतलेला शब्द नवऱ्याच्या तोंडी लाडाचं नाव होऊन बसला. ती कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "शिवी दिली तर ती तिला दागिन्यासारखी घातली ह्याने! मला पंचवीस वर्षांत 'वाल'च्या पुढे दुसरं नाव नाही, आणि तिचं बारसं माझ्याच खर्चाने."

तिच्या मनात एकच गोष्ट होती. परसात लिंबाखाली एक कॅरव्हॅन, गाडीला जोडून न्यायची चाकांवरची खोली, उभी होती. नेवने हौसेने आणलेली, वाल्डाने पिवळे पडदे शिवलेली, आणि आतापर्यंत फक्त गाव ओलांडून तळ्यापर्यंत गेलेली. नेव निवृत्त झाला की ती घेऊन समुद्रावर जायचं, महिनोन्‌महिने राहायचं, असं ठरलेलं. जिथे गवत नाही, रोलर नाही, ती नाही. वाल्डाला समुद्राचं फार कौतुक होतं असंही नाही. तिला नवरा हवा होता. अख्खा, एकटा.

निवृत्तीचं साल उजाडलं आणि बातमी आली, विश्वचषकाचा एक सामना बिंडाराला.

खरंच सांगते, गाव वेडं झालं. श्रीलंका विरुद्ध झिम्बाब्वे, आमच्या ओव्हलवर! शेजारच्या गावांच्या पोटात इतकं दुखलं की त्यांनी आमच्या पेट्रोलपंपावर थांबणं सोडलं. बघता बघता मैदानाचं स्टेडियम व्हायला लागलं. लोखंडी नळ्यांचे उंच जिने, त्यावर फळ्यांची बाकं, टीव्हीवाल्यांचं मचाण, जुन्या लाकडी पॅव्हिलियनला नवा पांढरा रंग. निलगिरीच्या झाडांवरचे गुलाबी काकाकुवे हातोड्यांच्या आवाजाने उडून आमच्या छपरावर येऊन बसायचे. सगळ्या गावात एकटी वाल्डा तोंड वाकडं करून हिंडत होती.

"नटवतायत तिला," ती म्हणायची. "दिवे काय, झालरी काय. माझ्या लग्नात सुद्धा एवढं झालं नव्हतं."

"एवढा सामना होऊ दे, वाल," नेव म्हणाला. "मग कॅरव्हॅन काढू. शपथ."

"तिची शपथ घे. तरच खरं मानीन."

ह्यावर तो हसला, पण शपथ काही घेतली नाही.

सामन्याला तीन-चार आठवडे राहिले आणि शहरातून माणूस आला. पेलहम त्याचं नाव. मोठ्या मैदानांवर खेळपट्ट्या तयार केलेला क्युरेटर, तरुण, पांढरे स्वच्छ बूट, मातीत खुपसून ओल मोजायचं एक यंत्र. वाईट माणूस नव्हता, नेवशी अदबीनेच बोलला. "मिस्टर ट्रेविन, तुम्ही फार छान राखलंय. आता इथून पुढे मी बघतो. तुम्ही सीमारेषेजवळचं गवत सांभाळा." लग्नाच्या दिवशी नवरीच्या बापाला मांडवाबाहेर गाड्या लावून घ्यायला उभं करावं, तसं झालं. नेवने मान हलवली. कात्री उचलली, पॅव्हिलियनमागचं थोडं गवत कापलं, कात्री शेडमध्ये ठेवली आणि भरदुपारी घरी आला.

वाल्डा पीठ मळत होती. नवरा भरदुपारी घरी! तिला आधी वाटलं, ताप आला असेल. तिने कपाळाला हात लावून पाहिलं. मग गोष्ट कळली, आणि तिने मला नंतर स्वतः सांगितलं की पहिल्यांदा तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ती कपाटात डोकं घालून साखर शोधत बसली.

आता नवरा दिवसभर घरी. गळका नळ दुरुस्त झाला. बिजागऱ्यांना तेल मिळालं. जी खिडकी कधी उघडत नव्हती ती उघडायला लागली, आणि नेव तिच्यातूनच बघत बसायला लागला. तिथून झाडांच्या वर मचाणाचं टोक दिसायचं. जेवायला बसला की सुरू:

"तो फार पाणी पाजतोय म्हणे तिला."

"वाढू का अजून बटाटे?"

"बूट घालून फिरतो तिच्यावरून. पांढरे बूट!"

"नेव, बटाटे."

"त्या दिवशी मी गवत कापत असताना त्याने तो जड रोलर फिरवला. मी म्हटलं, आता तडकणार. तर नाही! गुळगुळीत. माझ्या हाताखाली पहिल्या रोलरला नेहमी कुरकुरते. त्याच्या हाताखाली ब्र काढला नाही तिने." त्याने काटा खाली ठेवला. "एवढ्यात विसरली, वाल."

वाल्डा कुंपणाशी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, नवऱ्यासाठी वाईट वाटलं असेल. तसं नव्हतं.

"जळतोय तो," ती म्हणाली. "मला ह्या जळण्याची पायरी न्‌ पायरी माहितीये. आता दोन दिवस जेवण कमी होईल. मग चोरून बघायला जाईल, आणि तिथून आल्यावर म्हणेल, मला काही फरक पडत नाही."

"मग समजूत घाल की त्याची."

"का घालू? तुला सांगते, आमचं लग्न ठरल्यावर शेतकऱ्यांच्या हॉलमध्ये नाच होता. खाटकाचा भाऊ माझ्याबरोबर लागोपाठ तीनदा नाचला. दिसायला देखणा होता मेला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून नेवकडे बघतेय, की आता उठेल, आता उठेल. हा कोपऱ्यात उभा राहून कुणाशी तरी गवताच्या बियांबद्दल बोलत होता. माझ्यासाठी नाही जळला कधी. आणि आता बघ. चिखलाच्या एका पट्टीसाठी घास उतरत नाही घशाखाली."

आणि खरंच, ती म्हणाली तसंच झालं. दोन दिवस जेवण कमी, मग चोरून फेरी, मग "मला काय फरक पडतो."

त्याच सुमारास पेलहमची रेडिओवर मुलाखत झाली. आमच्या गावाचं नाव रेडिओवर, म्हणून दुकानंसुद्धा थांबली होती. त्याने छान छान सांगितलं, आणि मग म्हणाला, "ह्या भागातली एक खास माती आहे, स्थानिक लोक तिला सॅव्हट म्हणतात. अशी चिवट आणि समजूतदार सॅव्हट मी दुसरीकडे पाहिली नाही. तिचे नमुने मी शहरात नेणार आहे." शेडच्या दारावर खडूने लिहिलेलं बघून आणि क्लबातल्यांचं ऐकून ह्या माणसाने सवतीची माती करून टाकली होती. ड्युल्सी म्हणे टपालाच्या खिडकीमागे खाली बसून हसली, तिकिटं घ्यायला आलेल्यांना ती दिसेना.

नेवला मात्र हसू आलं नाही. तो तडक कुंपणाशी आला. टोपी हातात, कान लाल.

"बाई, तुमचा शब्द आहे म्हणून विचारतो. सॅव्हट म्हणजे चांगली खेळपट्टी. माती नव्हे. बरोबर ना? त्या शहाण्याला एवढं तरी सांगतो जाऊन."

मी कपडे वाळत घालत होते. हातातला चिमटा हातातच राहिला. खोटं सांगावं, तर हा जाऊन पेलहमसमोर भांडणार, आणि पुढच्या आठवड्यात सामना बघायला आमच्याकडचेही लोक येणार. त्यांच्यात कुणीतरी हसून खरा अर्थ सांगणार, तोही चारचौघांत.

"माती नव्हे," मी म्हटलं. "पण खेळपट्टीही नव्हे."

"मग?"

"नवऱ्याची दुसरी बायको. पहिली असताना केलेली."

त्याने टोपलीतला एक चिमटा उचलला, परत ठेवला. मागे काकाकुवे कलकलाट करत होते.

"दुसरी बायको," तो म्हणाला.

"हो."

"आणि पहिलीला काय म्हणतात?"

"पहिली आमच्या शेजारी राहते."

टोपी घालून तो गेला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर लिंबाखालची कॅरव्हॅन धुतली जात होती. चाकांत हवा, पडदे दोरीवर. वाल्डा धावत आली, श्वास लागलेला.

"आम्ही निघालोय! समुद्रावर! सामन्याच्या आधी! मी म्हटलं, तुझा विश्वचषक? म्हणाला, तो बघेल, पांढरे बूटवाला. काय सांगितलंस गं तू त्याला?"

"खरं सांगितलं."

तिने मला कुंपणावरून अशी मिठी मारली की एक फळी कायमची सैल झाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण वाल्डाने इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. समुद्र आमच्यापासून एका दिवसाच्या आत. त्यांना दोन दिवस लागले. कारण वाटेतल्या प्रत्येक गावात एक ओव्हल, आणि प्रत्येक ओव्हलपाशी नेवची गाडी आपोआप हळू व्हायची. "जरा पाय मोकळे करतो," म्हणून तो उतरायचा, आणि पाय मोकळे करत थेट खेळपट्टीपाशी. ओणवा व्हायचा, खिशातली किल्ली मातीत खुपसून बघायचा, मान हलवत परत यायचा.

तिसऱ्या गावाला वाल्डा म्हणाली, "किती आहेत अजून? प्रत्येक गावात ठेवलीयेस का एकेक?"

"ही काय, हिच्यात जीवच नाही," नेव म्हणाला. "हिला कुणी विचारत नाही वाटतं."

"मग राहा इथे. विचार तिला."



समुद्रावर पोचल्यावर नेवने वाळू मुठीत घेतली, बोटांतून सोडली आणि म्हणाला, "ह्यात गवत धरणार नाही, वाल." ती म्हणते, त्या क्षणी तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं, लाटा मोठ्या होत्या. पण त्याचा चेहरा इतका केविलवाणा होता की तिने ढकललं नाही. उलट चहा केला.

सामन्याच्या दिवशी नेव गळ घेऊन धक्क्यावर गेला. संध्याकाळी धक्क्याजवळच्या हॉटेलात जेवायला जायचं ठरलं होतं. वाल्डाने आणलेला निळा पोशाख दुपारीच चढवला होता, उंच टाचांचे बूटही; इतक्या वर्षांत नवरा तिला हॉटेलात नेणार म्हणजे काय साधी गोष्ट! केस नीट करता करता तिने रेडिओ लावला. कधी नव्हे ती क्रिकेट ऐकायला बसली, का, ते तिलाही सांगता येत नाही. बहुधा सवत कशी दिसतेय ते ऐकायला.

समालोचक खुशीत होता. चेंडू सुरेख येतोय, उसळी एकसारखी, फटकेबाजांना मजा, फिरकीवाल्यांनाही थोडं काही. "आणि ह्याचं सगळं श्रेय," तो म्हणाला, "स्टुअर्ट पेलहमला. ही पेलहमची खेळपट्टी आहे. चार आठवड्यांत ह्या माणसाने गावठी मैदानाचं सोनं केलंय."

वाल्डाच्या हातातला कंगवा खाली पडला.

"पेलहमची?" ती रेडिओला म्हणाली. "पेलहमची?"

तिच्या अंगात जे पेटलं ते तिला ओळखीचं होतं, फक्त तोंड दुसरीकडे होतं. माझी चाळणी. माझ्या आईची रग. माझ्या सुया. गारांच्या रात्रीनंतर ओल्या नवऱ्याला पुसलं कुणी? आणि हा पांढऱ्या बुटांचा मेला चार आठवडे यंत्र खुपसून मालक झाला! तिने कॅरव्हॅनच्या पायऱ्या आत ओढल्या, कपबशा टॉवेलात गुंडाळल्या, आणि नेव धक्क्यावरून रिकाम्या हाताने आला तेव्हा ती निळ्या पोशाखात गाडीत बसलेली होती.

"काय झालं?"

"घरी चाललोय."

"आता? आणि हॉटेल?"

"खड्ड्यात गेलं हॉटेल. सामना संपला की तो माणूस सामान उचलून विमानतळावर जाणार. तिला तशीच उघडी टाकून. उद्या उत्तरेचा वारा आहे, रेडिओवर सांगितलं."

नेव दारात उभाच. "तुला गं तिचं काय पडलंय?"

"मला तिचं काडीचंही पडलेलं नाही. मरू दे मेली वाळून. पण तो म्हणतो ती त्याची आहे." तिचा आवाज चढला, शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. "सॅव्हट आहे ती माझी, नेव! माझी! त्याची कोण लागते?"

नेवने गळ छपरावर टाकला, गाडी सुरू केली. ह्या वेळी वाटेतल्या एकाही ओव्हलपाशी गाडी हळू झाली नाही.

वाटेत रात्र काढून दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा ऊन झाडांमागे उतरलं होतं आणि ओव्हलवर अजून उजेड होता. स्टेडियम रिकामं. फळ्यांच्या बाकांखाली बाटल्या, कागद, चपटे झालेले डबे, आणि त्यावर काकाकुव्यांची मेजवानी चाललेली. पेलहम खरंच गेला होता. मधोमध खेळपट्टी उघडी, दोन्ही टोकांना गोलंदाजांच्या पायांनी उकरलेली, दिवसभराच्या उन्हाने पांढरी पडलेली. नेव गाडी नीट उभीही न करता शेडकडे धावला. रबरी नळी ओढत आला, आणि हलक्या हाताने, आईने तापलेल्या पोराचं अंग पुसावं तसं तिला भिजवायला लागला. तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू.

वाल्डा गाडीत बसून बघत होती. थोडा वेळ तिने बघितलं. मग दार उघडून उतरली आणि तशीच, कालच्याच निळ्या पोशाखात, उंच टाचांवर, गवत तुडवत सरळ मध्यभागी गेली आणि खेळपट्टीवर उभी राहिली. कडेला नव्हे. बरोबर मधे, जिथे चेंडू पडतो तिथे. ओल्या मातीत टाचा रुतल्या, दोन गोल भोकं पडली. ह्या गावात लहान पोरालाही कळतं की हे करायचं नसतं. एकदा महापौर तिथून चालत गेले होते तर नेव त्यांच्याशी वर्षभर बोलला नव्हता.

नेवने मान वर केली. आधी त्याने टाचांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. नळीतलं पाणी एकाच जागी पडत राहिलं.

"वाल," तो म्हणाला, "जरा डावीकडे सरक. मागे गोलंदाजाच्या पायाचा खड्डा आहे. पाय मुरगळेल."

"काळजी माझ्या पायाची, का तिची?" वाल्डाने विचारलं.

तो नळी फिरवून तिच्या बुटांच्या भोवतीने, बूट भिजणार नाहीत अशा बेताने, पाणी घालत राहिला.

मी विचारलं, "मग? सरकलीस का?"

"मुळीच नाही," वाल्डा म्हणाली. "अंधार पडेपर्यंत तिथेच उभी राहिले."

कॅरव्हॅन आता परत लिंबाखाली आहे. पेलहमचा माणूस मध्यंतरी सॅव्हट मातीच्या दोन पिशव्या मागायला आला होता. नेव घरी नव्हता. वाल्डाने दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "ती देत नाही आम्ही कुणाला."